‘बाहेरून आणा’ या उत्तराचे काय करावे? सरकारी आरोग्यखर्चातील कपात आणि गावाने ठेवायची वही

सरकारने आरोग्याच्या खर्चाला कात्री लावली, हे गावात कोणी दवंडी पिटून सांगत नाही. मंत्रालयात एखाद्या लेखाशीर्षाखालची रक्कम घटते, किंवा रक्कम तेवढीच राहते पण वेळेवर सुटत नाही. आणि चार-सहा महिन्यांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधांच्या खिडकीतून कागदाचा एक कपटा बाहेर येतो. त्यावर दोन औषधांची नावे असतात आणि सोबत तोंडी निरोप असतो, “हे बाहेरून आणा.” रुग्ण कपटा खिशात घालतो, फाट्यावरच्या दुकानातून गोळ्या घेतो आणि कपटा तिथेच टाकून देतो. कपात आपल्या गावापर्यंत पोहोचली याचा हाती आलेला एकमेव पुरावा तिथेच संपतो.

त्या कपट्याचे काय करावे, म्हणजे गावाच्या वहीत त्याची नोंद कशी ठेवावी आणि ती घेऊन कोणते दार ठोठवावे, ते इथे सांगायचे आहे. विदर्भातील खेड्यात राहणाऱ्या आणि साधा अर्ज लिहिता येणाऱ्या कोणालाही हे करता येते. ग्राम आरोग्य समितीचा सदस्य, बचत गटातील एखादी जाणती बाई किंवा निवृत्त शिक्षक असेल तर उत्तमच. आमच्या गावात आम्ही हे काही वर्षे करत आलो आहोत, त्यात चुकाही केल्या आहेत, आणि पुढे जे लिहिले आहे त्यातील बराच भाग त्या चुकांमधूनच आलेला आहे.

कपात कशी ओळखावी

अर्थसंकल्पातील आकडा कमी झाला तरच कपात, ही समजूत आधी सोडावी लागते. औषधांचे दर वाढले आणि तरतूद गेल्या वर्षीइतकीच राहिली, तर त्याच पैशात कमी गोळ्या येतात. ही कपातच आहे. मार्चमध्ये अर्थसंकल्पात मोठी रक्कम दाखवून वर्ष संपण्याआधी ‘सुधारित अंदाजा’त ती खाली आणली, तर तीही कपात आहे, मात्र तिची बातमी होत नाही. सर्वांत लबाड प्रकार म्हणजे निधी फेब्रुवारी-मार्चमध्ये सोडणे, कारण तेव्हा खरेदीची प्रक्रिया पूर्ण करायला दिवसच उरलेले नसतात आणि न खर्चलेली रक्कम ‘समर्पित’ होऊन परत जाते. कागदावर मग असे दिसते की पैसा दिला होता, जिल्ह्यालाच तो खर्च करता आला नाही. म्हणून आकडे पाहताना एकट्या अर्थसंकल्पीय अंदाजावर थांबू नये. सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. राज्याच्या ‘बीम्स’ या संकेतस्थळावर तरतूद, वितरण आणि खर्च दिसतात. तालुक्याच्या ठिकाणी संगणक चालवणाऱ्या मुलाला सोबत घेऊन बसले तर एका दुपारचे काम आहे.

रिक्त पद हा कपातीचा आणखी एक मुखवटा आहे. पद मंजूर असते, फलकावर ते लिहिलेलेही असते, पण माणूस नसतो आणि त्याचा पगार वाचतो. निकष सरकारचेच आहेत: सपाट भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी व डोंगराळ भागात हेच आकडे ३,००० आणि २०,००० आहेत. मेळघाटात, गडचिरोलीत किंवा झरी-जामणीच्या बाजूला राहणाऱ्यांनी दुसरे आकडे लक्षात ठेवावेत, कारण बैठकीत त्यांच्यापुढे बहुधा पहिलेच आकडे ठेवले जातात.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा केंद्र आणि राज्य यांच्यात ६०:४० या प्रमाणात वाटलेला असतो. यातील कोणताही वाटा रखडला की पहिला फटका कंत्राटी आणि मानधनावरच्या माणसांना बसतो: समुदाय आरोग्य अधिकारी, कंत्राटी परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, आशा. आपल्या उपकेंद्रातील बाईंना चार महिने मानधन मिळालेले नाही, ही गोष्ट त्यांची खासगी अडचण समजू नये. तो आपल्या गावाच्या आरोग्याचा निधी थांबल्याचा सर्वांत आधी दिसणारा पुरावा असतो. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यासाठी देशभर ७०,०५१ कोटी रुपयांचे अनुदान सुचवले होते आणि त्याचा कालावधी २०२१-२२ ते २०२५-२६ असा होता. त्या पैशातून आपल्या तालुक्यात काय उभे राहिले आणि ते पुढे कोणत्या पैशातून चालणार, हे विचारून ठेवावे.

हे सगळे आपल्या खिशाशी कसे जोडलेले आहे, ते दोन आकड्यांतून कळते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशाच्या ग्रामीण भागात बाळंतपण सोडून एका वेळच्या दाखल उपचाराचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,२९० रुपये आणि खासगी रुग्णालयात २७,३४७ रुपये होता. सरकारी दवाखान्यातून माणूस खासगीकडे ढकलला जातो तेव्हा सरासरी २३,००० रुपयांचा फरक घरावर पडतो, आणि कोरडवाहू कास्तकाराकडे तो बहुधा सोयाबीन किंवा कापूस विकूनही उरत नाही, सावकाराकडूनच येतो. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे, तसेच राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून अधिक वाटा आरोग्याला देण्याचे उद्दिष्ट लिहून ठेवले होते. २०२१-२२ मध्ये देशाचा हा खर्च १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांच्या खिशातून गेला होता. अर्जात हे आकडे घालण्याचा मोह होतो. पण ते टाळावे, कारण तालुका आरोग्य अधिकाऱ्याला राष्ट्रीय टक्केवारीचे उत्तर देता येत नाही आणि तो त्याच आडोशाला उभा राहतो.

आधी रुग्ण, मग अर्ज

ज्या दिवशी औषध नाही असे सांगितले जाते, त्या दिवशी भांडण करू नये. एक तर खिडकीत बसलेल्या माणसाने ती कपात केलेली नसते; आणि २०१० च्या कायद्याने रुग्णालयातील कर्मचाऱ्यांवर हात उगारणे किंवा तोडफोड करणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. पहिले काम रुग्णाला उपचार मिळवून देण्याचे आहे, आणि त्यासाठी कोणता हक्क कुठे चालतो हे आधीच माहीत असावे लागते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि अमरावतीचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय येथे, केसपेपरपासून तपासणीपर्यंत सर्व काही मोफत आहे. हा निर्णय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना लागू नाही. नागपूरचे ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’, तसेच यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्या विभागाकडे येतात, तिथे शुल्क मागितले म्हणजे फसवणूक झाली असे समजू नये. २०२४ मध्ये अमरावती, बुलढाणा, वाशिम, भंडारा आणि गडचिरोली येथेही शासकीय महाविद्यालये सुरू झाली; आपले जुने जिल्हा रुग्णालय आता कोणत्या विभागाच्या ताब्यात आहे, हे एकदा विचारून वहीत लिहून ठेवावे.

मोठ्या आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा त्यांत अमरावती आणि गडचिरोली होते. पूर्वी पांढऱ्या शिधापत्रिकेचे लोक तिच्याबाहेर असत. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील शेतकरी, म्हणजे विदर्भात अमरावती विभागातील पाच जिल्हे आणि वर्धा येथील, तेवढे सातबारा दाखवून आत येत. १ जुलै २०२४ पासून सर्व शिधापत्रिकाधारक पात्र आहेत आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात रुग्णांना मदत करणारा योजनेचा माणूस, म्हणजे आरोग्यमित्र, बसतो. आधी त्याला गाठावे, डॉक्टरला नंतर. तातडीच्या रुग्णाला दूरध्वनीवरील पूर्वमंजुरीने दाखल करता येते आणि कागदपत्रे मागाहून देता येतात, ही गोष्ट रात्री अकरा वाजता सांगणारा कोणी भेटत नाही, म्हणून ती आपल्याला ठाऊक असावी. उपचार योजनेतून होत असताना औषध बाहेरून आणायला सांगितले किंवा अनामत मागितली, तर १५५३८८ या क्रमांकावर तिथूनच तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. या योजनेने सरकारी दवाखान्याची जागा घेतली असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही: ती दाखल झाल्यावर उपयोगी पडते, पण विदर्भातल्या माणसाचा पैसा महिन्याच्या गोळ्या, तपासण्या आणि गाडीभाडे यांतच झिरपतो, आणि तो भाग तिच्याबाहेर राहतो.

नागपूरसारख्या शहरातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखाव्या लागतात. निर्धन गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार रुपये आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घरात तयार असेल तरच याचा उपयोग होतो. दाखल्यासाठी धावायला लागले की खाट गेलेली असते.

बाळंतपणाबाबत तर कोणताही खर्च सोसू नये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, नेणे-आणणे आणि आहार मोफत आहे. साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस आणि शस्त्रक्रियेनंतर सात दिवस जेवण मिळाले पाहिजे, आणि बाळाला एक वर्षापर्यंत मोफत उपचार मिळाले पाहिजेत. निधी आटला की सर्वांत आधी जेवण बंद होते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. घरून डबा येतोच, म्हणून कोणी तक्रार करत नाही. आदिवासी भागात आजारी कुपोषित बाळाजवळ थांबलेल्या आईला मिळणारी बुडीत मजुरी आणि बाळंतिणीच्या मुक्कामाचे माहेरघर, याही अशाच गुपचूप थांबणाऱ्या गोष्टी आहेत, म्हणून त्यांच्यावर नजर ठेवावी.

हंगामाआधीची पाहणी

काही औषधांसाठी ‘बाहेरून आणा’ हे उत्तर चालत नाही, कारण बाहेर जाऊन येईपर्यंत माणूस उरत नाही. सर्पदंशावरील लस (म्हणजे प्रतिविष), कुत्रा चावल्यावरची लस आणि कीटकनाशकाच्या विषबाधेवरचे ॲट्रोपिन यांचा साठा आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे का, हे मृगाच्या आधी आणि पुन्हा फवारणीच्या आधी दोनदा जाऊन पाहावे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या साली ज्यांनी रुग्ण बंडीतून आणि मोटारसायकलवरून हलवले, त्यांना जवळच्या दवाखान्यात काय असावे आणि काय नसते हे वेगळे सांगावे लागत नाही. असा रुग्ण नेताना औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत न्यावी, भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे, आणि १०८ ला फोन करताना गावाच्या नावासोबत फाट्याचेही नाव सांगावे.

आमच्या शेजारच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी धुऱ्यावर साप चावला. जवळच्या दवाखान्यात लस संपली होती आणि ते आम्हाला तिथे पोहोचल्यावर कळले. पुढचे ३८ किलोमीटर आम्ही भाड्याच्या गाडीने गेलो. मुलगा वाचला. नंतर चौकशी केली तेव्हा लक्षात आले की लस संपून अकरा दिवस झाले होते, आणि त्या अकरा दिवसांत गावातील किमान सहा माणसे त्या दवाखान्यात जाऊन आली होती. एकानेही विचारले नव्हते, मीही त्या सहांतलाच एक होतो. त्यानंतर आम्ही वही सुरू केली.

सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), मधुमेह, रक्तदाब, मिरगी आणि क्षयरोग यांच्या रुग्णांची गोष्ट वेगळी आहे, तिथे मरण हळू येते. सिकलसेलच्या रुग्णाच्या हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांत खंड पडता कामा नये. २०२४ च्या सुरुवातीला क्षयरोगाच्या औषधांचा तुटवडा देशभर झाला होता, आणि तेव्हा केंद्रानेच राज्यांना ती स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगितले होते. म्हणजे ‘वरून आले नाही’ हे शेवटचे उत्तर नसते, याचा हा लेखी दाखला आहे. अशा रुग्णांनी शक्य तेथे पंधरा दिवसांचा साठा हाती असतानाच पुढची मागणी करावी आणि साठा कमी असल्याचे कळताच आशाताईंना सांगावे.

‘नाही’ची वही

दोनशे पानी जाड वही घ्यावी आणि पानांना आधी क्रमांक घालावेत, म्हणजे पान फाडले असा आक्षेप येत नाही. प्रत्येक नोंदीत तारीख व वेळ, दवाखान्याचे नाव, काय हवे होते, काय उत्तर मिळाले, उत्तर देणाऱ्याचे पद, बाहेरून काय आणले व किती रुपयांना, गाडीभाडे किती आणि किती दिवसांची रोजी बुडाली, एवढे लिहावे. कपटा आणि दुकानाचे बिल त्याच पानावर चिकटवावे. बिल नसेल तर रकमेपुढे ‘बिल नाही’ असे स्पष्ट लिहावे. एकही फुगवलेला आकडा सापडला तर बाकीच्या दोनशे नोंदी फुकट जातात.

बुडालेली रोजी लिहिण्याला सुरुवातीला सगळे हसतात. वेचणीच्या दिवसांत तालुक्याला दोन फेऱ्या झाल्या तर बाईचे औषधापेक्षा जास्त पैसे मजुरीतच जातात, आणि हा खर्च कोणत्याही सरकारी अहवालात येत नाही. तो फक्त आपल्या वहीत येऊ शकतो.

आमच्याकडून सुरुवातीला एक मोठी चूक झाली. आम्ही रुग्णाचे नाव आणि आजार दोन्ही लिहिले, वही ग्रामपंचायतीच्या टेबलावर राहिली, आणि एका मुलीच्या सिकलसेलच्या तपासणीची बातमी तिच्या सोयरिकीपर्यंत पोहोचली. तेव्हापासून वहीत रुग्णाच्या नावाऐवजी क्रमांक असतो, नावांची यादी वेगळी आणि कुलपात असते, आणि क्षयरोग, एचआयव्ही, सिकलसेल, गर्भपात यांबाबत केवळ औषधाचे नाव लिहिले जाते. कर्मचाऱ्याचेही नाव लिहू नये, पद लिहावे. माणूस बदलतो, आणि आपल्याला हिशेब दवाखान्याचा हवा आहे.

दर महिन्याच्या शेवटी वहीतून एक पानी गोषवारा काढावा: किती जण गेले, कोणते औषध किती वेळा मिळाले नाही, बाहेर किती रुपये गेले. सलग तीन महिने तेच औषध नसेल, तर अर्ज करण्याची वेळ झाली असे समजावे.

अर्ज करण्याआधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून तीन प्रश्न मात्र जरूर विचारावेत. औषधाची मागणी केव्हा नोंदवली? पुरवठा केव्हा आणि किती आला? आला असेल तर तो कुठे गेला? पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसेल, तर दोष निधीचा नाही, केंद्राच्या ढिलाईचा आहे, आणि त्याबद्दल सरकारच्या कपातीला दोष देणे अप्रामाणिक ठरेल. मागणी वेळेवर गेली आणि पुरवठा अर्धाच आला, तर वैद्यकीय अधिकारी आपल्याच बाजूचा माणूस आहे. तो बोलू शकत नाही, पण मागणीपत्राची तारीख तोच देऊ शकतो. चांगले डॉक्टर ती तारीख आनंदाने देतात.

कोणते दार ठोठवावे

विदर्भातील गावांचे अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात, त्याचे मोठे कारण चुकीचे दार हे आहे. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे. त्यांचा अर्ज तालुका आरोग्य अधिकारी आणि त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे जातो. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचे. त्यांचा अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय अधिष्ठात्यांकडे. लोक ग्रामीण रुग्णालयाची तक्रार जिल्हा परिषद सदस्याकडे नेतात, तो ती पुढे पाठवतो, आणि सहा महिन्यांनी ‘सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही’ असे पत्र येते.

गावाजवळचे सर्वांत छोटे दार म्हणजे आरोग्य केंद्राचीच रुग्ण कल्याण समिती. तिच्या निधीतून तातडीची औषधे घेता येतात, म्हणून तिची शेवटची बैठक केव्हा झाली आणि शिल्लक किती आहे, हे विचारावे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतचा अबंध निधी, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला पैसा, असतो; तो औषधखरेदीला पुरणारा नाही, पण गरीब बाळंतिणीच्या गाडीभाड्याला पुरतो. पेसा क्षेत्रातील (आदिवासी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या) ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि आरोग्यावर तो खर्च करता येतो. ग्रामसभेने ठराव केला नाही तर तो सभामंडपात आणि पेव्हर ब्लॉकमध्ये जातो.

इथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन आरोग्य विमा चालवला होता, आणि गावाने आपल्या कोठारातून आरोग्याचा वाटा काढणे ही वर्धा जिल्ह्याने देशाला दाखवलेली सुंदर गोष्ट आहे. मात्र तिथे ज्वारीच्या मागे एक उभे रुग्णालय होते. लोकवर्गणीतून आपण दोनदा सर्पदंशाची लस आणली, की तिसऱ्यांदा सरकारी मागणीपत्रात ती लिहिली जात नाही. वर्गणी काढावी लागलीच तर तीही वहीत लिहावी आणि अर्जात ‘शासनाकडून येणे’ म्हणून दाखवावी.

अर्ज आणि माहितीचा अधिकार

पहिला अर्ज साधा आणि एका पानाचा असावा. त्याचा गाभा असा ठेवता येईल: “आमच्या गावातील रुग्णांना दिनांक अमुक ते तमुक या काळात खालील तीन औषधे या केंद्रातून एकूण इतक्या वेळा मिळाली नाहीत. त्यापोटी रुग्णांनी बाहेर इतके रुपये खर्च केले. बिलांच्या प्रती सोबत आहेत. ही औषधे कोणत्या तारखेपर्यंत उपलब्ध होतील आणि तोपर्यंत रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून ती खरेदी करण्यात येतील काय, हे लेखी कळवावे.” ‘अन्याय’, ‘निषेध’, ‘आंदोलनाचा इशारा’ हे शब्द पहिल्या अर्जात नकोत. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नये.

उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. त्यावर १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि तो १५० शब्दांत बसावा. म्हणून औषधसाठ्याचा अर्ज वेगळा आणि रिक्त पदांचा वेगळा करावा. ‘औषधे का नाहीत?’ असा प्रश्न विचारला तर उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक नसते. ‘१ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळातील सर्पदंश लस, रेबीज लस व ॲट्रोपिन यांच्या मागणीपत्रांच्या आणि साठा नोंदवहीच्या प्रती द्याव्यात’ असे कागद मागितले तर द्यावेच लागतात. माहिती ३० दिवसांत मिळायला हवी. जीविताशी संबंध असेल तर ४८ तासांत. अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला तरी त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. पहिले अपील ३० दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे, आणि दुसरे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. आयोगाची खंडपीठे नागपूर आणि अमरावती येथे असल्याने मुंबईला जावे लागत नाही, तरी तारीख लवकर लागेल अशी आशा बाळगू नये.

माहिती हाती आल्यावर तिची आपल्या वहीशी तुलना करावी. साठा नोंदवहीत लस शिल्लक दिसते आणि त्याच तारखेला आपल्या वहीत ‘लस नाही, बाहेर पाठवले’ अशी नोंद आहे, असे एक जरी पान सापडले, तरी जिल्ह्याच्या कार्यालयातले बोलणे बदलते. हे दोन कागद घेऊन महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकांच्या तक्रारी ऐकल्या जातात त्या लोकशाही दिनाला जावे. त्यासाठी अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो, आणि आधी खालच्या कार्यालयात दिलेल्या अर्जाची पोच जोडावी लागते. पोच घेतल्याशिवाय उठू नये असे वर सांगितले, ते याचसाठी.

वर्षाचे वेळापत्रक

पैसा कोणत्या महिन्यात ठरतो हे कळल्याशिवाय मागणीला धार येत नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वहीचा गोषवारा वाचावा आणि ठराव घ्यावा. २ ऑक्टोबरच्या सभेत त्या ठरावाचे काय झाले हे विचारावे. ठरावात रकमेचा आणि औषधाचा उल्लेख असावा, ‘आरोग्य सुविधा सुधाराव्यात’ असा ठराव कोणालाही बांधत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हे आपल्या आमदारांना भेटण्याचे महिने आहेत. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन डिसेंबरमध्ये नागपुरात भरते आणि त्यात पुरवणी मागण्या मांडल्या जातात, म्हणजे वर्षाच्या मध्ये निधी वाढवून घेण्याची संधी आपल्या दारातच येते. विदर्भासाठी १९९४ मध्ये नेमलेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. कोणत्या भागाचा अनुशेष किती, हे मोजून बोलणारी जागा गेल्यापासून गावाच्या नोंदींचे वजन वाढले आहे, आणि अधिवेशनात प्रश्न विचारणाऱ्या आमदाराला नेमके हेच लागते: कोणते केंद्र, कोणते औषध, किती दिवस. चार-पाच गावांच्या वह्यांचा एकत्रित गोषवारा दिला तर तो प्रश्न म्हणून मांडला जाण्याची शक्यता बरीच वाढते. शेजारची पाच गावे बहुधा एकाच आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात येतात, त्यामुळे आकडे जुळतातही.

जानेवारीत जिल्हा नियोजन समितीचा पुढच्या वर्षाचा आराखडा आकार घेत असतो. पालकमंत्र्यांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे त्याच महिन्यात निवेदन द्यावे, मार्चमध्ये दिलेले निवेदन फुलांच्या गुच्छासोबत फोटोपुरते राहते. फेब्रुवारीत आरोग्य केंद्रात जाऊन वर्षभरातील किती निधी अखर्चित आहे हे विचारावे आणि तो परत जाण्याआधी रुग्ण कल्याण समितीची बैठक घ्यायला लावावी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तिथे जाऊन नव्या वर्षाच्या औषध मागणीपत्रावर मृगाआधी लागणाऱ्या सर्पदंश लसीचा आकडा किती लिहिला आहे, तो पाहून वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावा.